सानुग्रह मदत की नुकसानभरपाई? ब्रिटनमधील दूषित रक्त प्रकरण व शासकीय विलंब

प्रस्तावना

कल्याणकारी राज्यात शासन हे नागरिकांच्या आरोग्याचे रक्षणकर्ते मानले जाते. मात्र शासनाच्याच आरोग्यसेवेतून नागरिकांना हानी पोहोचली, तर तिची जबाबदारी कोणी, कितपत आणि केव्हा स्वीकारावी, हा प्रश्न कायदा, राज्यशास्त्र व लोकप्रशासन या तिन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील दूषित रक्त प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७० पासून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेतील उपचारांमुळे ३०,००० हून अधिक व्यक्तींना एचआयव्ही व हेपॅटायटिस विषाणूंची लागण झाली. त्यांपैकी सुमारे ३,००० जण मृत्युमुखी पडले. पूर्ण भरपाईच्या पहिल्या रकमा मात्र २०२४ च्या अखेरीस दिल्या गेल्या. हा विलंब केवळ कार्यालयीन संथपणातून उद्भवलेला नाही. उत्तरदायित्व मान्य न करण्याच्या भूमिकेतून तो निर्माण झाला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

हिमोफिलिया 'ए' या आनुवंशिक विकारात रक्त गोठविणाऱ्या 'फॅक्टर आठ' या प्रथिनाची कमतरता असते. पूर्वी त्यावर क्रायोप्रेसिपिटेट हा रक्तघटक दिला जाई. तो एका किंवा मोजक्या दात्यांच्या रक्तापासून तयार होई. १९७३ पासून ब्रिटनमध्ये फॅक्टर आठचे तीव्र स्वरूपातील औषध उपलब्ध झाले. रुग्णास ते घरच्या घरी टोचून घेता येई. परंतु हे औषध हजारो दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून बनविले जात असल्याने एक बाधित दाताही संपूर्ण साठा दूषित करण्यास पुरेसा होता. त्यातील मोठा भाग अमेरिकेतून आयात होई. तेथे मोबदला घेऊन रक्तद्रव देणाऱ्यांत तुरुंगातील कैद्यांचाही समावेश होता.

धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही. १९७५ मध्ये आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी रक्तघटकांबाबत देश स्वयंपूर्ण करण्यासाठी निधी जाहीर केला; ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. मे १९८३ मध्ये डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी अमेरिकी रक्तापासून बनविलेली उत्पादने मागे घ्यावीत, अशी लेखी शिफारस केली. तीही मान्य झाली नाही. हॅम्पशायरमधील ट्रेलोअर या निवासी शाळेत हिमोफिलियाग्रस्त मुलांवर शाळेच्या आवारातच उपचार होत. १९७० ते १९८७ या काळातील अशा १२० हून अधिक विद्यार्थ्यांपैकी केवळ सुमारे ३० जण हयात राहिले. याशिवाय शस्त्रक्रिया वा प्रसूतीच्या वेळी रक्त घेतलेले अनेक रुग्णही हेपॅटायटिस 'सी'ने बाधित झाले. या विषाणूसाठी रक्ताची नियमित तपासणी ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाली.

विलंबाची रूपे

पहिले रूप संज्ञेचे. १९८८ मध्ये एचआयव्हीबाधित हिमोफिलिया रुग्णांसाठी मॅकफर्लेन न्यास, तर २००४ मध्ये हेपॅटायटिस 'सी'साठी स्किप्टन निधी स्थापन झाला. यांतून मिळणारी रक्कम 'सानुग्रह' होती. आपल्याकडील शासन निर्णयांमुळे हा शब्द परिचित आहे. सानुग्रह मदत ही देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. नुकसानभरपाई हा मात्र हक्क असतो आणि तिच्यात दोषाची कबुली अनुस्यूत असते. १९९१ च्या तडजोडीत तर रक्कम स्वीकारणाऱ्यांकडून हेपॅटायटिसबाबत दावा न करण्याची हमी घेण्यात आली.

दुसरे रूप चौकशीचे. लॉर्ड आर्चर यांच्या चौकशीस (२००७-०९) वैधानिक अधिकार नव्हते. पेनरोज चौकशीचा अहवाल (२०१५) स्कॉटलंडपुरता होता. संपूर्ण देशासाठी वैधानिक चौकशीची घोषणा २०१७ मध्ये झाली आणि सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या अध्यक्षतेखाली तिचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. चौकशी हे न्यायाचे साधन असले, तरी ती प्रलंबित असल्याच्या कारणावरून निर्णय पुढे ढकलता येतो. एप्रिल २०२३ मध्ये लँगस्टाफ यांनी भरपाई यंत्रणा त्वरित उभारावी असे सुचविले. सरकारने अंतिम अहवालाची वाट पाहणे पसंत केले. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये २४६ विरुद्ध २४२ मतांनी सरकारचा पराभव होऊन या यंत्रणेची तरतूद विधेयकात आली.

तिसरे रूप पुराव्याचे. अनेक रुग्णांच्या उपचारांच्या नोंदी गहाळ झाल्या होत्या. आरोग्य खात्यातील काही कागदपत्रे हेतुतः नष्ट केली गेल्याचे २० मे २०२४ च्या अंतिम अहवालाने नमूद केले. ज्याच्या ताब्यात नोंदी होत्या त्यानेच पुरावा मागावा, ही विसंगती येथे स्पष्ट होते.

चौथे रूप अंमलबजावणीचे. मे २०२४ मध्ये कायदा झाला, ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात ११.८ अब्ज पौंडांची तरतूदही झाली. परंतु बाधितांना स्वतः अर्ज करता येत नव्हता. निमंत्रणाची प्रतीक्षा करावी लागे. जुलै २०२५ मधील अतिरिक्त अहवालापर्यंत केवळ ४६० जणांना पूर्ण भरपाई मिळाली होती.

सार्वजनिक निधी देताना पात्रतेची काटेकोर पडताळणी आवश्यक असते, हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि ऑगस्ट २०२२ मध्ये मान्य झालेली १,००,००० पौंडांची अंतरिम मदत ऑक्टोबरअखेर हयात बाधितांना व मृतांच्या जोडीदारांना पोहोचली होती. म्हणजे इच्छाशक्ती असता यंत्रणा काही आठवड्यांत हलू शकते. त्याच वेळी मुले गमावलेले आईवडील आणि आईवडील गमावलेली मुले त्या मदतीतून वगळली गेली, हेही विसरता येत नाही.

समारोप

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांकडून रक्त घेण्यास बंदी आहे. हा प्रतिबंधाचा भाग झाला. प्रतिबंध अपयशी ठरल्यास भरपाईची व्यवस्था आधीच सिद्ध असावी, हा ब्रिटनच्या अनुभवाचा बोध होय. त्यासाठी शासनापासून स्वतंत्र यंत्रणा, निश्चित कालमर्यादा आणि शंकेचा फायदा बाधितास, ही त्रिसूत्री आवश्यक ठरते. भरपाईची रक्कम मृत्यूनंतर वारसांना मिळू शकते. परंतु आपल्यावर अन्याय झाला होता हे शासनाने मान्य केल्याचे समाधान मृत व्यक्तीस मिळू शकत नाही. म्हणून अशा प्रकरणांत विलंब हा स्वतंत्र अन्यायच मानला पाहिजे.