लाँच धक्क्याला लागताना

बाळांनो, घारापुरीची लेणी पाहून परतणारी लाँच गेटवेच्या धक्क्याला कशी लागते, हे कधी नीट बघितलंय का? बहुतेकांची तेव्हा पिशव्या आणि चपला शोधायची घाई चाललेली असते. तासाभराच्या प्रवासातली खरी करामत शेवटच्या दोन-चार मिनिटांत असते, आणि नेमकी तीच आपण चुकवतो. आज तिचीच गोष्ट सांगतो.

या गोष्टीत आधी येतो वारा. ऊन चढलं की जमीन भराभर तापते. समुद्र मात्र दाद देत नाही. पाणी तापवायला तेवढ्याच वजनाच्या मातीच्या कितीतरी पट उष्णता लागते, शिवाय लाटा वरचं कोमट पाणी सारखं खाली ढवळत असतात. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धावून येते. हा खारा वारा. मुंबईत तो पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो आणि दुपारी जोर धरतो. रात्री जमीन आधी निवते, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई वारा.

आता गंमत बघा. अरबी समुद्र मुंबईच्या पश्चिमेला, पण गेटवेचं तोंड पूर्वेला, बंदराकडे. म्हणजे दुपारचा खारा वारा इथे शहर ओलांडून येतो आणि धक्क्याकडे येणाऱ्या लाँचला परत पाण्यात लोटतो. हिवाळ्यातल्या सकाळी मात्र पलीकडच्या किनाऱ्यावरून येणारा मतलई तिला धक्क्यावर दाबत असतो. धक्का तोच, लाँच तीच, पण तांडेलाचं, म्हणजे लाँच चालवणाऱ्याचं, सकाळचं काम वेगळं आणि दुपारचं वेगळं.

तुम्ही म्हणाल, पाणी हवेपेक्षा 800 पटींहून जड, मग वाऱ्याची काय टाप आहे लाँच हलवायची? लाँच वेगात असते तोवर हे खरंच आहे. पाणी तिला दोन्ही कुशींनी धरून ठेवतं. पण ती मंदावली की ती पकड सुटते. त्यात नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पाण्यात थोडंसंच बुडालेलं आणि वर मात्र उंच गेलेलं. वारा तिलाच आधी पकडतो आणि फिरवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून झुळूक आणि भन्नाट वारा यांत तांडेलाच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर.

मग तांडेल सुकाणू वळवून नाळ सरळ का करत नाही? कारण सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते काम करतं. लाँच थांबत आली की सुकाणू नुसतं लाकूड किंवा लोखंड. शिवाय रिक्षा पुढच्या चाकानं वळते, लाँच मागून वळते. डावीकडे जायचं तर तिची पिछाडी आधी उजवीकडे झुकते. यावर तांडेलाचा तोडगा असा: सुकाणू आधी वळवून ठेवायचं आणि मग इंजिनाला क्षणभर जोर द्यायचा. लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यानं मागे फेकलेलं पाणी थेट सुकाणूवर आपटतं आणि पिछाडी सरकते. लगेच इंजिन कमी. लाँच वळते, पण वेग घेत नाही. इंजिनाचा तो अधूनमधून येणारा गुरगुराट ऐकलाय ना? तो याचसाठी.

वारा धक्क्याकडे दाबत असेल, तर तांडेल धक्क्याला समांतर, थोड्या अंतरावर लाँच जवळजवळ थांबवतो. उरलेलं काम वारा करतो. कठीण आहे ती दुपार. समांतर आलात तर दोर फेकायच्या आधीच वारा तुम्हाला दूर नेणार. म्हणून तांडेल नाळ वाऱ्यात खुपसून तिरका येतो. तोंडावरच्या वाऱ्याला धरायला जागा कमी मिळते. नाळ धक्क्याशी पोचताच खलाशी दोर घेऊन सज्ज असतो. तो दोर नाळेपासून मागच्या बाजूच्या खुंट्यावर तिरका टाकतात, आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट घडते. पिछाडी अजून दूर पाण्यात आहे, आणि तांडेल गिअर पुढे टाकतो! सुकाणू धक्क्यापासून उलट दिशेला वळवलेलं. दोर ताणला जातो, नाळेला पुढे जाता येत नाही, आणि पंख्याचं पाणी सुकाणूवर आपटून पिछाडीला धक्क्याकडे ढकलू लागतं. एक दोर आणि संथ इंजिन यांच्या बळावर अख्खी लाँच वाऱ्याच्या विरुद्ध आडवी सरकत येते. कोणी ओढत नाही, कोणी ओरडत नाही. पिछाडीचा दोर पडेपर्यंत गिअर काढायचा नाही, एवढंच.

पंख्याची आणखी एक खोड आहे. मागून पाहिल्यावर उजवीकडे फिरणारा पंखा रिव्हर्समध्ये उलटा फिरतो, तेव्हा तो पाणी लाँचच्या उजव्या कुशीवर मारतो. त्यामुळे पिछाडी आपोआप डावीकडे जाते. असा पंखा असेल तर जाणता तांडेल शक्यतो डावी बाजू धक्क्याला लावतो. थांबायला रिव्हर्स दिला की पिछाडी आपणहून आत येते.

भरती-ओहोटीची ओढ यात भर घालते. वारा आणि ओढ यांपैकी जे जबर, त्याला नाळेवर घ्यायचं. समोरून येणारी ओढ लाँचला आयताच ब्रेक लावते आणि सुकाणूवरून पाणीही वाहतं ठेवते. मागून आली तर मात्र पंचाईत.

आणि पुढच्या वेळी लाँचमध्ये बसाल तेव्हा हात कठड्याच्या आत ठेवा. ती कितीही सावकाश आली तरी तिचं वजन कित्येक टन असतं, आणि वेग दुप्पट झाला की तिची आदळही चौपट होते. ती सोसायला कडेला जुने टायर लटकवलेले असतात. हातानं किंवा पायानं लाँच थोपवायला जायचं नाही, खलाशीही जात नाहीत. हात आत घेऊन नाळेकडे बघा, दोर कोणत्या खुंट्यावर पडतो ते.