कोरियन पेठेंतील चांगलें जेवण

परगांवीं गेलेल्या माणसापुढें दोन प्रश्न उभे राहतात : उतरावें कोठें आणि जेवावें कोठें. आमचा पहिला प्रश्न आधींच सुटलेला होता. माझा एक पुतण्या अमेरिकेंत लॉस अँजेलिस शहरीं पुष्कळ वर्षें राहत आहे. त्याच्या पत्नीच्या बाळंतपणासाठीं मी आणि माझ्या वन्सं अशा दोघी तेथें पांच महिने राहून आलों. घरांत स्वयंपाक आमचाच असल्यामुळें दुसरा प्रश्न आम्हांस सहसा पडत नसे. तो पडला तो एका ऋणामुळें. आणि त्याचें उत्तर शोधतांना जें पाहिलें व कळलें, तें त्या शहरीं मुलांकडे जाणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहें.

पुतण्याच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक कोरियन आजीबाई आपल्या लेकीजवळ राहतात. मूल झाल्यावर तिसऱ्या दिवशीं त्या एक मोठें झांकलेलें पातेलें घेऊन दारांत उभ्या राहिल्या. आंत समुद्रांतील हिरव्या शेवाळाचें सार होतें. त्यास 'मियॉकगुक' म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीस अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू, तसें कोरियांत हें सार. आणि पुढें जन्मभर प्रत्येक वाढदिवशीं तेंच सार खावयाचें, अशी त्यांची रीत आहे. एरवीं त्यांत गोमांस किंवा शिंपले घालतात. आजीबाईंनीं आमचा नेम आधींच विचारून घेतला होता. त्यांनीं नुसतें शेवाळ, तिळाचें तेल आणि सोयाबीनचा खारट अर्क एवढ्यावरच काम भागविलें होतें. वन्संनीं झांकण काढून वास घेतला, सूनबाईकडून खात्री करून घेतली आणि स्वतःच्या हातानें वाटी भरून तिला दिली. कोरियन पद्धतीनें बाळंतिणीस एकवीस दिवस जपावयाचें असतें. त्या एकवीस दिवसांत तें पातेलें आमच्याकडे सात वेळां आलें.

वन्सं बहात्तर वर्षांच्या आहेत. मांस-मासळी नाहीं, अंडें नाहीं, आणि चातुर्मासांत कांदा-लसूणही नाहीं, असा त्यांचा नेम. पण देण्याघेण्याच्या बाबतींत त्यांच्याइतकें काटेकोर माणूस मीं पाहिलेलें नाहीं. जून महिन्यांत परत निघण्याची तारीख ठरली तेव्हां त्या म्हणाल्या, "आजीबाई आपल्याकडे चार वेळां वरणभात जेवल्या. आतां आपण त्यांना त्यांच्या पद्धतीचें चांगलें जेवण घातलें पाहिजे, आणि मी त्यांच्या पंक्तीला बसून जेवलें पाहिजे. मी नुसतें पाणी पीत बसलें, तर तें जेवण कसलें?"

झालें! आमचा शोध सुरू झाला.

लॉस अँजेलिसच्या मध्यवर्ती व्यापारी भागाच्या पश्चिमेस विल्शर, ऑलिंपिक, वेस्टर्न आणि व्हर्मॉंट या मोठ्या रस्त्यांच्या आसपास 'कोरियाटाउन' नांवाची ही पेठ आहे. सुमारें तीन चौरस मैलांत लाखाहून अधिक माणसें राहतात. पाट्या कोरियन लिपींत, पण रहिवाशांत निम्म्याहून अधिक लोक लॅटिन अमेरिकेंतून आलेल्या कुटुंबांतले आहेत. उपाहारगृहें आपल्याकडल्यासारखीं रस्त्याच्या कडेला ओळीनें नसतात. मोटारी उभ्या करण्याचें एक आंगण, त्याच्या तिन्ही बाजूंस दोन मजली दुकानें, आणि त्यांतच दंतवैद्य, चष्मेवाला व हिशेबनीस यांच्या मध्यें कोठें तरी उत्तम जेवण देणारी एक लहानशी जागा, असा तेथील प्रकार आहे.

ही पेठ वसली ती १९६५ सालच्या कायद्यामुळें. त्या सालीं अमेरिकेनें परदेशांतून वस्तीस येणाऱ्यांविषयींचे नियम बदलले आणि आशियाई लोकांवरील जुनीं बंधनें काढलीं. आपले डॉक्टर व इंजिनियर ज्या दारानें तिकडे गेले, त्याच दारानें कोरियन कुटुंबेंही गेलीं. १९७० च्या आसपास ही डुक ली या गृहस्थांनीं ऑलिंपिक रस्त्यावर कोरियन किराणा मालाचें दुकान थाटलें. पुढें १९७५ सालीं तेथेंच 'व्ही. आय. पी. पॅलेस' हें कोरियन घाटाच्या छपराचें उपाहारगृह काढलें. १९८० सालीं शहरानें या भागास कोरियाटाउन हें नांव अधिकृतपणें दिलें.

या पेठेनें मोठा आघातही सोसला आहे. १९९२ च्या एप्रिलच्या २९ तारखेस, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसास मारहाण केल्याचा आरोप असलेले पोलीस सुटले आणि शहरांत दंगल उसळली. पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. कोरियन मालकीचीं दोन हजारांहून अधिक दुकानें लुटलीं वा जाळलीं गेलीं. कोरियन लोक त्या प्रसंगास नुसतें 'सा-इ-गू' म्हणतात. म्हणजे चार-दोन-नऊ, चौथ्या महिन्याची एकोणतिसावी तारीख. एवढें सोसून ही पेठ पुन्हां उभी राहिली, हें ध्यानांत ठेवून मग तेथें जेवावयास बसावें.

सर्वांत चांगलें घर कोणतें, असें पुतण्यास विचारलें तर तो दहा नांवें दाखवी. त्याचा स्नेही दुसरीं दहा. याचें कारण मागाहून कळलें. आमचा प्रश्नच चुकीचा होता. कोरियन पेठेंत बहुधा एका घराची कीर्ति एका पदार्थावर असते. पुण्यांत मिसळीला एका ठिकाणीं आणि बाकरवडीला दुसऱ्या ठिकाणीं जावें लागतें. दोन्हीं एकाच जागीं उत्तम मिळावीं हा हट्ट कोणी धरीत नाहीं. तसेंच हें. जोनाथन गोल्ड हे त्या शहरांतील उपाहारगृहांचे मोठे परीक्षक होते. अशा लेखनासाठीं पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिलेच, १९०७ नव्हे, तर अगदीं अलीकडे २००७ सालीं. २०१८ सालीं ते वारले. त्यांनीं २०१२ सालीं या जेवणाची जी यादी केली, ती घरांची नव्हती. ती साठ पदार्थांची होती, आणि प्रत्येक पदार्थापुढें तो कोठें खावा हें सांगितलें होतें.

त्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे पेठेचा नकाशा उलगडूं लागतो. समोरच्या शेगडीवर मांस भाजून खाणाऱ्यांसाठीं व्हर्मॉंट रस्त्यावरील 'पार्क्स बार्बेक्यू' प्रसिद्ध आहे. बैलाचीं हाडें तासन् तास उकळून केलेला दुधासारखा पांढरा रस्सा 'हानबात' येथें पिण्यास लोक जातात. सुरीनें कापलेल्या शेवयांसाठीं 'हांगारी', आणि मऊ टोफूच्या उकळत्या तिखट रश्श्यासाठीं 'बी. सी. डी.' हें १९९६ सालीं याच पेठेंत निघालेलें घर. पहिलीं दोन्हीं घरें आमच्या कामाचीं नव्हतीं हें उघड आहे. पण पुतण्याच्या पिढीचे वाचक निराळे असतील, म्हणून नांवें दिलीं.

आमची पहिली फेरी फसली. एका ठिकाणीं भाज्यांचा म्हणून मागविलेला रस्सा आला. वन्संनीं चमचा उचलला आणि तसाच खालीं ठेवला. पुतण्यानें आंत जाऊन विचारलें तेव्हां कळलें कीं, रश्श्याचें मूळ पाणीच सुकविलेल्या बारीक मासळीचें आहे. फसविण्याचा हेतु कोणाचाच नव्हता. कोरियन भाषेंत 'गोगी' म्हणजे मांस. 'गोगी नको' म्हटलें म्हणजे मासळी वर्ज्य आहे असें ऐकणाऱ्याच्या ध्यानींही येत नाहीं. ती बारीक मासळी म्हणजे 'म्योल्ची'. तिचें नांव घेऊन स्वतंत्रपणें विचारावें लागतें. किमचींतही बहुधा खारविलेली कोलंबी किंवा मासळीचा अर्क असतो. जेवणावर अंडें फोडण्याची चाल आहे, तें नको म्हणून आधींच सांगावें. आपल्या शाकाहारी मंडळींनीं एवढ्या गोष्टी पाठ कराव्यात.

त्या फसलेल्या जेवणांतही एक गोष्ट मात्र आम्हां दोघींच्या मनांत भरली. मागविलेला पदार्थ येण्यापूर्वींच मोड आलेलीं कडधान्यें, पालक, मुळा, काकडी अशा लहान लहान वाट्या मांडल्या जातात. त्यांस 'बानचान' म्हणतात. त्यांचे पैसे बहुधा वेगळे पडत नाहींत, आणि संपल्या तर पुन्हां वाढतात. आपल्या ताटाची डावी-उजवी बाजूच ती! घर पारखावयाचें तें या वाट्यांवरून. पालक त्या दिवशींचा आहे कीं कालचा, मुळ्याला पाणी सुटलें आहे कीं नाहीं, वाट्या तीनच पण नीट आहेत कीं बारा आणि बेचव, हें कोणत्याही गृहिणीस क्षणांत कळतें. वाढणाऱ्या प्रौढ बाईस तेथील लोक 'इमो' म्हणून हांक मारतात. इमो म्हणजे मावशी. आणि स्वयंपाकांतील ज्या गुणास ते 'सोन-मात' म्हणतात त्याचा अर्थ हाताची चव. हाताला चव असणें हें बोलणें आमच्याच घरचें, अशी वन्संची समजूत होती. ती त्या दिवशीं सुटली.

शेवटीं आम्हीं तें करावयास हवें होतें तेंच केलें. आजीबाईंनाच विचारलें. आजीबाईंनीं याच पेठेंतील एका लहान खाणावळींत वीस वर्षें स्वयंपाक केला होता, हें तेव्हां समजलें. आवडतें घर कोणतें म्हणतां त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग नातीच्या मार्फत म्हणाल्या कीं, आवडतें होतें तें २०२० सालीं बंद पडलें. त्या सांथीच्या वर्षांत पेठेंतील कितीतरी जुनीं घरें गेलीं. १९७९ पासूनचें 'डोंग इल जांग' आणि १९८६ पासूनचें 'बेव्हर्ली सून टोफू' हीं दोन्हीं त्याच सालीं बंद झालीं. ज्या बायांनीं पहांटे उठून पातेलीं चढविलीं त्या थकल्या. आणि ज्या मुलांना त्यांनीं त्याच पैशावर डॉक्टर-वकील केलें, तीं आतां पातेल्यापाशीं परत येणार नाहींत. यांत मुलांचा दोष म्हणावा असें नाहीं. आमचा पुतण्या तरी वाड्यांत परत कोठें आला आहे? ही डुक लींच्या त्या जुन्या उपाहारगृहाच्या इमारतींत आज 'गेलागेत्सा' हें मेक्सिकोच्या ओआहाका प्रांताच्या जेवणाचें प्रसिद्ध घर आहे. छप्पर कोरियन, चूल मेक्सिकन. तेव्हां कोणत्याही यादीवर फार विसंबूं नये. आज जें घर चांगलें आहे तेथें आजच जावें.

आजीबाईंनीं एका शेवयांच्या घराचें नांव सांगितलें आणि वन्संसाठीं पदार्थही ठरविला : 'कोंगगुकसू'. सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून त्याचें दाट दूध काढावयाचें, तें थंड करावयाचें, आणि त्यांत गव्हाच्या शेवया घालून वर काकडीची कीस घालावयाची. हा उन्हाळ्यांतला पदार्थ. त्यांत मासळीचें पाणी मुळांतच नसतें. चातुर्मास लागावयास तेव्हां थोडेच दिवस उरले होते.

ठरल्या दिवशीं आम्ही सहाजण गेलों. कोरियन रीतीप्रमाणें वडील माणसानें चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनीं जेवावयास लागावयाचें नसतें. आजीबाई वन्संकडे पाहत बसल्या, वन्सं आजीबाईंकडे. वयाचा हिशेब झाला. आजीबाई दोन वर्षांनीं मोठ्या निघाल्या, आणि मग जेवण सुरू झालें. शेवयांत मीठ घालावें अशी बहुतेकांची चाल, पण दक्षिणेकडील जॉला प्रांतांत साखर घालतात, असें आजीबाईंनीं सांगितलें. वन्संनीं दोन्हीं मागवून घेतलीं आणि मिठाचा पक्ष धरला. वाडगें त्यांनीं रिकामें केलें. किमची त्यांनीं घेतली नाहीं, आणि घ्या म्हणून कोणी म्हटलेंही नाहीं.

निघतांना पैशांवरून व्हावयाची ती झटापट झालीच. वन्संनीं पुतण्यास आधींच पुढें पाठवून पैसे भरविले होते, म्हणून आजीबाई रागावल्या. मीं त्या घरच्या इमोंना, पालकाची भाजी फार चांगली झाली होती, असें नातीकडून सांगविलें. त्या हंसल्या आणि म्हणाल्या कीं, आजीबाई सकाळींच येऊन गेल्या होत्या. आज पालक व मोड यांत मासळीचा अर्क घालूं नका, आणि शेवया निराळ्या पाण्यांत उकडा, असें उभ्यानें सांगून व पाहून गेल्या होत्या.

वन्सं मोटारींत बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. ऋण फेडावयास म्हणून गेलों तों तें आणखी वाढलें होतें. घरीं आल्यावर त्यांनीं पिशवी उघडली आणि परतीच्या सामानांतून मेतकुटाचा उरलेला डबा काढून शेजारीं नेऊन दिला.