व्यायामात टिकणारी कशी ओळखायची?

मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. म्हणून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून 2 दिवस तरी हवा. सुरू सगळ्याच करतात, पण टिकतं कोण?

पहिल्याच दिवशी 50 बैठका मारणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्या भरून येतात, अन् ती येतच नाही. टिकते ती 10 वेळा खुर्चीवरून उठबस करून थांबणारी. तिची वेळ ठरलेली असते. लावणीच्या गडबडीत एखादा दिवस चुकला, तरी ती पुढच्या वेळी हजर असते. काट्यावरच्या वजनापेक्षा "आता गुडघ्यावर हात न टेकता उठते" याचं तिला कौतुक. दंड-मांड्या भरायला वेळ लागतो. ताकद त्याआधीच जाणवते.

आपल्या बचतीसारखंच आहे हे: थोडं, पण ठरल्या दिवशी.