राक्षसाचा बांध

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर काळ्या दगडाचे सुमारे ४० हजार खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथल्या मुलांना सांगतात, हा बांध फिन मॅककूल या राक्षसानं घातला, समुद्रापलीकडच्या स्कॉटिश बेनँडॉनरशी लढायला. पण तो निघाला फिनहून कितीतरी थोराड! मग फिनच्या बायकोनं नवऱ्यालाच दुपट्यात गुंडाळून पाळण्यात निजवलं. ‘बाळ एवढं, तर बाप केवढा?’ या धास्तीनं बेनँडॉनर बांध उखडत पळाला.

मला ही थाप फार आवडते, कारण तिच्यात अस्सल निरीक्षण आहे. स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावरही असेच खांब आहेत! दोन्हीकडचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि थंडावा आत सरकेल तशा त्या खोल उतरतात. ताण चहूबाजूंनी सारखा असला, की भेगा साधारण १२० अंशांत मिळतात. म्हणून बहुतेक खांब षटकोनी. निवणं जितकं सावकाश, तितके खांब जाड.

मुंबईकरांना हे पाहायला अंधेरीची गिल्बर्ट हिल पुरे. तिचे उभे खांब दख्खनच्या लाव्हाचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे.