कंपनीची टीम

खालिद जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द बहुतेक मुंबईत गेली. महिंद्र, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी अशा तीन संघांकडून ते खेळले. आज देशपातळीच्या स्पर्धांमध्ये यातला एकही संघ नाही. महिंद्रचा २०१० मध्ये गुंडाळला गेला, एअर इंडियाला २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर काढलं आणि मुंबई एफसीने २०१७ मध्ये दार लावलं. देशाच्या प्रशिक्षकाला आपल्या जुन्या क्लबात सहज चक्कर मारावीशी वाटली, तर जायला जागा नाही.

वरच्या फळीची ही गत, तर खालच्या विभागांत खेळलेल्यांना कोण विचारतो? आणि आपल्याकडचं फुटबॉल खरं तर त्या खालच्या विभागांवरच उभं होतं. गिरण्या, बँका, रेल्वे, तेल कंपन्या, खत कारखाने, गोदी, पोलीस अशा प्रत्येकाची एक टीम असे. लोक तिला क्लब म्हणत नसत. ‘तो कुठे खेळतो?’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘कंपनीच्या टीममध्ये.’

या व्यवस्थेचा कणा होता नोकरी. चांगला खेळणारा पोरगा आंतरशालेय स्पर्धेत किंवा गल्लीतल्या सामन्यात कुणाच्या तरी नजरेत भरायचा, मग ट्रायल व्हायची. ट्रायल जमली की तो ‘स्पोर्ट्स कोट्यातून कंपनीत लागला.’ हुद्दा क्लार्कचा, फिटरचा किंवा शिपायाचा, आणि खरं काम सेंटर फॉरवर्डचं. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर सरावासाठी सुटायचं. मोसम सुरू झाला की रजा वेगळी. घरच्यांना खेळाचं कौतुक असो वा नसो, पगार, क्वार्टर, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन कळायचं. गुडघा गेला तरी टेबल राहायचं. आजच्या व्यावसायिक फुटबॉलरला करार संपल्यावर जी धास्ती पडते, ती या माणसांना ठाऊकच नव्हती.

त्यात आणखी एक सोय होती. तेव्हाच्या ऑलिंपिकला हौशी खेळाडू लागत, खेळण्याचे पैसे घेणारा चालत नसे. कंपनीचा नोकर पगार घ्यायचा तो टेबलाचा, त्यामुळे कागदोपत्री तो हौशीच. नेव्हिल डिसूझा हे त्याचं ठळक उदाहरण. टाटा आणि कॅल्टेक्स या मुंबईच्या दोन कंपनी-संघांकडून ते खेळले. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ ला भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असं हरवलं, त्यातले तीन गोल त्यांचे. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून आपण १–४ ने हरलो, तो एकमेव गोलही त्यांचाच. चार गोलांसह ते त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसले. त्याच संघात गोलरक्षक एस. एस. नारायण होते, तेही माटुंग्याच्या मैदानांतून कंपनीच्या टीममध्ये आलेले. फोर्तुनातो फ्रँको टाटांकडून खेळले आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते.

त्या काळचं मोठं व्यासपीठ म्हणजे कूपरेजवरचा रोव्हर्स कप. १८९१ मध्ये तो सुरू झाला तेव्हा खेळणारे संघ गोऱ्या पलटणींचे होते. भारतीय संघाच्या हाती कप लागायला १९३७ साल उजाडलं, आणि तोही बंगळूर मुस्लिम्सच्या. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो सोडलाच नाही. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने आणि १९६५ मध्ये मफतलालने तो जिंकला. तेल विकणाऱ्या कंपनीने आणि कापड विणणाऱ्या गिरणीने मोहन बागान, ईस्ट बंगालसारख्या नावांच्या रांगेत आपलं नाव कोरलं. असे दिवस वर्षात थोडेच. बाकीचं वर्ष लीगचं. मुंबईची हारवूड लीग १९०२ पासूनची, वरपासून खालपर्यंत अनेक विभागांची, आणि खेळायची ती भर पावसात. चिखलात चेंडू थांबायचा, बॅक पास मधेच रुतायचा, आणि स्टडमध्ये अडकलेलं गवत काठीने उकरत मंडळी मध्यंतरात बसायची.

लीगचे सामने पॉइंट्सचे. संघ मात्र घडायचा ‘फ्रेंडली’त.

फ्रेंडली ठरायची ती फोनवर. एका कंपनीच्या टीम मॅनेजरने दुसऱ्या कंपनीच्या वेल्फेअर ऑफिसरला गाठायचं, शनिवार ठरवायचा, मैदान कोणाचं ते ठरवायचं. ज्याचं मैदान त्याचा चहा. रेफ्री बहुधा यजमानांचाच कुणीतरी जुना खेळाडू, शिट्टी गळ्यात, पोट सुटलेलं, आणि ऑफसाइडबाबत त्याचं स्वतःचं मत. लायनमनला झेंडा नसेल तर रुमाल. बदली खेळाडूंवर मर्यादा नाही, त्यामुळे अकरात कधीच नसणारा पॅकिंग डिपार्टमेंटचा पोरगाही वीस मिनिटं उतरायचा. नव्या स्टॉपरला डावीकडे खेळवून बघायचं, राइट आउटला आत वळायला सांगायचं, कॉर्नरवर कोण कुणाला धरणार ते जुळवायचं. प्रशिक्षक ओरडण्यापेक्षा बघायचा जास्त. निकाल कुठे छापून येत नसे, म्हणून चुकायची मुभा होती.

पाहुण्या संघाचा ड्रेस यजमानांसारखाच निघाला की एका बाजूने बनियनवर खेळायचं, हा अलिखित नियम. सामना संपल्यावर कँटीनमध्ये वडापाव आणि चहा. तिथे बसूनच पुढच्या मोसमाची बोलणी व्हायची, ‘आमच्याकडे येतोस का, पर्मनंट करतो’ इथपर्यंत. बदल्यांचा बाजार आज एजंटांच्या हाती आहे, तेव्हा तो चहाच्या टेबलावर भरायचा.

फ्रेंडलीचा इतिहास या पातळीवर लिहिलाच गेला नाही, आणि हे जगभर खरं आहे. अपवाद थोडे. लंडनचा इस्लिंग्टन कोरिंथियन्स हा हौशी क्लब १९३७–३८ मध्ये जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि भारतात मैत्रीपूर्ण सामन्यांची रांग लावून गेला. ढाक्याच्या संघाने त्यांना १–० ने हरवलं, ती हकीकत आजही तिकडे सांगितली जाते. गोऱ्या संघाला हरवलं म्हणून ती टिकली. दोन कारखान्यांमधल्या शनिवारच्या सामन्याला असं कारण नसतं. तो जगतो फक्त खेळलेल्यांच्या आठवणीत, आणि आठवणीत प्रत्येकाचा गोल तीस यार्डांवरूनच असतो.

कल्याणच्या पुढचा आपला पट्टा अशा टीमसाठी जणू बेतलेलाच होता. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, बदलापूर आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने. उल्हासनगर तर १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं शहर, अजून कॅम्प नंबराने पत्ता सांगणारं. कॉलनी आली की मैदान आलं, मैदान आलं की संध्याकाळी दोन बाजू पडल्याच. ऑर्डनन्स इस्टेटसारख्या वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यातून बदलून आलेली कुटुंबं राहायची. बंगाली बाबू, मल्याळी मेकॅनिक, पंजाबी सुपरवायझर, आगरी-कोळी गावातला स्थानिक पोरगा. हे सगळे एकमेकांशी तोडकंमोडकं हिंदी बोलायचे, पास मात्र न बोलता द्यायचे. फुटबॉलवेडे बंगाली आणि मल्याळी लोक ज्या कॉलनीत असतील, तिथे चेंडू कधी कमी पडत नाही.

मोठं फुटबॉल मात्र दूर होतं. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६० च्या आसपास. कूपरेजवर चारचा सामना असेल तर दुपारच्या लोकलने निघायचं, आणि रात्री परततानाची गर्दी म्हणजे दुसरा हाफ. किटबॅग डोक्याच्या वरच्या रॅकवर, ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि डब्यातल्या कुणाला वास आला तर माफी मागत उभं राहायचं. म्हणूनच घराजवळच्या फ्रेंडलीचं मोल इकडे जास्त. मुंबईकर खेळाडूला ती सराव वाटायची, आपल्याकडच्या अनेकांसाठी तोच खरा मोसम होता.

ही व्यवस्था मोडली ती एका फटक्यात नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या टीमही. कारखान्यांत कायम कामगारांच्या जागी कंत्राटी कामगार आले. कंत्राटदार ट्रायल घेत नाही. एनआरसीला २००९ मध्ये टाळं लागलं, विम्कोचं धुराडं थंडावलं. खुद्द ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या.

दुसरा घाव खेळाच्या बाजूने आला, आणि तो चांगल्या हेतूने आला. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. खेळ व्यावसायिक व्हावा म्हणून आशियाई महासंघाने क्लब परवान्याचे निकष आणले. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, युवा संघ हवेत, हिशेब वेगळे हवेत. एका खात्याच्या, कल्याण निधीवर चालणाऱ्या टीमला हे कसं जमणार? एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना २०१३ मध्ये याच निकषांपायी आय-लीग सोडावी लागली. महिंद्रचं तर आणखी विचित्र. १९६२ पासूनची ही टीम २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, दोनदा फेडरेशन कपही तिने नेला होता, आणि तरी चार वर्षांत कंपनीने ठरवलं की पैसा शालेय फुटबॉलकडे वळवायचा. निर्णय कंपनीचा होता आणि तो घ्यायचा तिला पूर्ण अधिकार होता. गोम तिथेच आहे. ज्याची टीम, त्याने बंद केली की संपली. खेळाडूंचं, प्रेक्षकांचं तिच्यावर प्रेम होतं, मालकी नव्हती.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात टीम कंपनीची नसते, पेठेची असते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुस्तीच्या तालमींच्या नावाने तिथे फुटबॉलचे संघ उतरतात आणि छत्रपती शाहू स्टेडियम भरून जातं. हेही देशाच्या हिशेबात खालच्याच पातळीचं फुटबॉल. पण तिथला साठीचा माजी खेळाडू गॅलरीत येऊन बसला की पोरं सरकून जागा देतात, आणि त्याच्या काळातल्या गोलांची उजळणी सुरू होते. हुल्लडबाजीही होते, तिचं समर्थन नको. तरी तालीम बंद करायचा ठराव कुठल्या संचालक मंडळात होऊ शकत नाही, ही त्या संघांची ताकद आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातून आला.

आपल्याकडेही नवं काही घडतंय. अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब मुंबईच्या लीगमध्ये खेळतो, २०२३ मध्ये तो आय-लीगच्या दुसऱ्या विभागातही उतरला. देशपातळीच्या तक्त्यात ‘अंबरनाथ’ हे नाव शिलाँग आणि दिल्लीच्या क्लबांबरोबर छापून आलं, हे काही थोडं नाही. मुंबईची लीग आता वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावरही खेळली जाते. म्हणजे अंबरनाथच्या पोराने दादरला गाडी बदलून ज्या मैदानावर जायचं, त्याला कंपनीच्या टीममधून मोठ्या झालेल्या खेळाडूचं नाव आहे. प्रवास अजून तेवढाच.

नाव आलं, आता त्याच्या मागे गाव यायला हवं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी फारशा महाग नाहीत. पहिली, पट्ट्यात कुठेतरी असं मैदान की ज्यावर लग्नाचा मांडव आणि नवरात्राचा मंडप आठ महिने उभा राहणार नाही. दुसरी, शनिवारची फ्रेंडली: कॅम्पातला संघ, बदलापूरचा संघ, कॉलनीतला संघ, ज्यात वरच्या विभागाचा क्लब आपले राखीव खेळाडू घेऊन पाहुणा म्हणून येईल. तिसरी, एक साधी वही. तारीख, अकरा नावं, गोल कुणी केला, बदली कोण उतरला, एवढंच तिच्यात लिहायचं. कंपन्यांच्या टीमनी ती ठेवली नाही, किंवा ठेवली तरी कारखान्याबरोबर भंगारात गेली. म्हणून आज निवृत्त खेळाडूंकडे किस्से आहेत आणि पुरावा नाही. ते खेळाडू अजून याच स्टेशनांवर उतरतात, सकाळी फिरायला जातात, भाजी घेतात. वहीची सुरुवात त्यांना विचारूनच करता येईल, आणि ते काम या मोसमातच हाती घ्यायला हवं, कारण त्यांच्यातले बरेचजण आता सत्तरीपुढचे आहेत.