पिंडाला कावळा शिवतो तेव्हा
दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला की सगळ्यांच्या नजरा झाडाकडे लागतात. कावळा लगेच शिवला, तर आत्मा तृप्त झाला म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. नाही शिवला, तर मृताची काही इच्छा राहिली असेल म्हणून कुणाला थकलेलं कर्ज आठवतं, कुणाला धाकटीचं राहिलेलं लग्न. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं: ‘काळजी करू नका, तिचं मी बघेन.’ तरीही नाहीच, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. पक्षी-अभ्यासक म्हणेल, कावळा गर्दीला बुजला असेल किंवा त्याचं पोट भरलेलं असेल. तेही खरंच. पण मृताची इच्छा म्हणून जी बोलली जाते, ती बहुधा मागे राहिलेल्यांचीच रुखरुख असते. आपला परलोक असा आपल्याच नात्यांतून घडतो. म्हणून अशी वचनं माणूस समोर असतानाच द्यावीत.