परसबागेतील बीट : विरळणीचे महत्त्व

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठची भारी काळी जमीन आणि सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुव्याची उथळ, मुरमाड जमीन असे दोन मुख्य प्रकार आढळतात. दोन्हीकडे हिवाळ्यात परसात बीट घेता येते. तथापि पाने भरघोस आणि मुळे मात्र बोटाएवढी, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे मुख्य कारण बियाण्याच्या रचनेत आहे.

बीटचे जे खडबडीत ‘बी’ आपण पेरतो, ते वस्तुतः अनेक बियांचा घोस असते. त्यातून दोन ते पाच रोपे एकाच जागी उगवतात. ती तशीच वाढू दिल्यास एकही मूळ पोसत नाही.

जमीन व पेरणी : पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद व १५ सें.मी. उंच गादीवाफा करावा. त्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताज्या शेणखताने मुळांना फाटे फुटतात. मुरमाड जमिनीतील खडे वेचून काढावेत. सुमारे ५ ग्रॅम बियाणे रात्रभर भिजवून ३० सें.मी. अंतराच्या ओळींत दोन सें.मी. खोल पेरावे.

विरळणी : रोपे चार पानांवर आली की प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवून बाकीची उपटावीत. दोन रोपांत ८ ते १० सें.मी. अंतर राखावे. उगवलेले रोप उपटताना जीव हळहळतो. परंतु ती कोवळी रोपे वाया जात नाहीत, त्यांची भाजी होते.

पाणी व निगा : पाणी थोडे, परंतु नियमित द्यावे. ताण पडून एकदम भरपूर पाणी मिळाल्यास मुळे तडकतात. उघड्या पडलेल्या मुळांना मातीची भर द्यावी. मागील हंगामात मुळांत काळे, कठीण डाग आढळले असल्यास ते बोरॉनच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. अशा वाफ्यात पेरणीपूर्वी ३ ग्रॅम बोरॅक्स कोरड्या मातीत कालवून सारखे पसरावे. अधिक मात्रा पिकास घातक ठरते.

काढणी : साधारण दोन ते अडीच महिन्यांत मुळे पाच-सहा सें.मी. जाडीची होतात, तेव्हाच काढावीत. अधिक काळ ठेवल्यास ती तंतुमय होतात.

बीटच्या लाल रंगामुळे ते रक्त वाढविते, असा समज आहे. तो रंग लोहाचा नव्हे. लोह व जीवनसत्त्वे मुळापेक्षा पानांत अधिक असतात. म्हणून पाने टाकू नयेत. रक्तक्षय किंवा सिकलसेलच्या रुग्णास बीट हा औषधाचा पर्याय नाही, त्यास आरोग्य केंद्रात न्यावे. ग्रामसेवकांनी आपल्या गावात निदान एका परसात निम्मा वाफा विरळलेला व निम्मा न विरळलेला ठेवून काढणीच्या दिवशी दोन्हींतील मुळे सर्वांसमक्ष शेजारी मांडावीत.